आठ ग्राहक, एक बोट आणि एकोणतीस मिनिटं

समुद्रात स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली फिरण्याचा, एक दिवस. व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्याखाली नजर जाते ते अंतर, १५ मीटर, पाणी २६ अंश, प्रवाह नावापुरता. प्रवाळाचा उतार ६ मीटरला सुरू होऊन १८ मीटरपर्यंत जाणारा, म्हणजे नवख्यालाही जमेल आणि मुरलेल्यालाही पुरेल असा. खाली कासव दिसलं. कुणाला इजा झाली नाही, कुणी हरवलं नाही, बोट वेळेत परतली. तरीही ग्राहकांचे शेरे आले ते असे: 'ठीक', 'बरं होतं', 'पाणी आणखी स्वच्छ हवं होतं'. डाइव्ह घडवणाऱ्या केंद्रानं त्यावरून निष्कर्ष काढला की निसर्गापुढे कुणाचं काय चालणार.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. दिवस आणि माणसं काल्पनिक आहेत. त्यातल्या अडचणी मात्र डाइव्ह केंद्र चालवणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील, कारण त्या कुठल्याही बोटीवर, कुठल्याही मोसमात भेटतात.

बोटीवर कोण होतं

दोन मित्र, दोघांच्या शंभरावर डाइव्ह झालेल्या, दोघांकडे कॅमेरे. एक जोडपं: नवऱ्याच्या चाळीसेक डाइव्ह आणि स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन), बायकोनं तीन वर्षांपूर्वी कोर्स केला, त्यानंतर पाण्यात पाय घातलेला नाही. दोन तरुण, नुकतेच प्रमाणपत्र मिळालेले, गाठीला प्रशिक्षणातल्या चार डाइव्ह. एक मुलगी, वीसेक डाइव्ह झालेली, कान हळू उघडणारी, म्हणजे पाण्याच्या दाबाशी कान जुळवायला वेळ लागणारी. आणि आठवा गृहस्थ, ज्यानं वैद्यकीय फॉर्मवर दम्याच्या रकान्यापुढे प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. त्यांच्याबरोबर एक गाइड, एक शिकाऊ मदतनीस, एक बोटवाला.

फॉर्म धक्क्यावर भरून घेतले गेले, तिथंच पहिली ठिणगी पडली. छातीच्या किंवा फुप्फुसाच्या आजाराला 'हो' असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरवायचं नसतं. गाइडनं नाही म्हटलं आणि ते बरोबरच होतं. पण सकाळी आठ वाजता, पैसे भरून, पिशवी खांद्याला लावून आलेल्या माणसाला ते ऐकावं लागलं. वीस मिनिटं वाद चालला आणि बाकीचे सात जण अवघडून समुद्राकडे बघत बसले. शेवटी तो गृहस्थ 'बसतो बोटीवर' म्हणाला आणि खरोखर दिवसभर बसून राहिला.

नवऱ्याचा रेग्युलेटर डिन पद्धतीचा निघाला आणि बोटीवरच्या सगळ्या सिलिंडरना योक झडपा; या दोन जोडण्या एकमेकींत थेट बसत नाहीत. ॲडॉप्टर दुकानात राहिलेला. त्यात आणखी दहा मिनिटं गेली. ८ वाजता निघायची बोट ८:५५ ला सुटली.

सातही जण एकाच गाइडमागे उतरले. कान न उघडणारी मुलगी ४ मीटरवर अडकली आणि बाकीचे १२ मीटरवर तिची वाट बघत राहिले. पुढे दोन्ही तरुणांचे गेज, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारे काटे, ५५ बारवर आले (बार हे दाबाचं माप; सुरुवातीला २०० होते) तेव्हा गाइडनं सगळ्यांनाच वर घेतलं. तेव्हा तळावर २९ मिनिटं झाली होती. कॅमेरेवाल्यांच्या सिलिंडरमध्ये त्या वेळी ११० बार शिल्लक होते.

वर आल्यावर एकाच शिडीपाशी रांग लागली. दोन डाइव्हमधला तास बोट नांगरावर डुलत होती आणि ओल्या अंगाला वारा लागत होता. मुलीला उलटी झाली. दुसऱ्या डाइव्हला तिघं उतरलेच नाहीत.

दोष पाण्याचा नव्हता

ग्राहक व्हिजिबिलिटीला दोष देतात याचं कारण तो एकच शब्द त्यांच्या हाताशी असतो. 'मला चार किलो शिसं (बुडायला मदत म्हणून कमरेला लावायचं वजन) जास्त लावलं होतं' असं नवखा डायव्हर म्हणू शकत नाही, कारण ते त्याला ठाऊकच नसतं. त्याला एवढंच कळतं की खाली धड काही दिसलं नाही. दिसलं नाही हे खरंच असतं. मात्र ते समोर पाणी गढूळ होतं म्हणून नव्हे, तर बघायला मन रिकामं नव्हतं म्हणून.

पाण्याखाली माणसाकडे लक्षाची एक ठरावीक पुंजी असते. श्वास, कान, गेज, बडी (जोडीचा डायव्हर), खोली आणि तोल या सगळ्यांना तिच्यातून आधी वाटा द्यावा लागतो. उरेल त्यातून मासे बघायचे. मुरलेल्या डायव्हरचा पहिला खर्च इतका कमी असतो की जवळजवळ सगळी पुंजी बघण्याकडे जाते. नवख्याची मास्कमध्ये पाणी शिरलं की तिथंच संपते. म्हणून मासे दाखवणं हा केंद्राच्या कामाचा धाकटा भाग. थोरला भाग म्हणजे ग्राहकाचं लक्ष ज्या ज्या फटीतून गळतं ती फट पाण्यात उतरण्याआधी बुजवणं.

ग्राहकाच्या अपेक्षांबद्दल गुणवत्तेचे जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेली विभागणी इथं कामाला येते. काही गोष्टी असल्या तर कुणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर सगळं बिघडतं. काही गोष्टी मात्र अनपेक्षितपणे मिळाल्या की आनंद होतो. रेग्युलेटर नीट चालला म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. कासव दुसऱ्या वर्गातलं. पहिल्या वर्गात भोक असेल तर कासव भरपाई करू शकत नाही, आणि त्या दिवशी नेमकं तेच झालं.

शिसं

जोडप्यातल्या बाईंच्या पट्ट्यात ८ किलो शिसं होतं. का, तर 'सगळ्यांना आठच देतो, बुडायला बरं पडतं'. गाइडच्या बाजूनं बघितलं तर यात तथ्य आहे: जास्त वजनाचा माणूस पटकन खाली जातो, पृष्ठभागावर झटापट होत नाही. फक्त त्या सोयीची किंमत पुढची सगळी डाइव्ह बाई मोजतात.

३ मिलिमीटरचा सूट आणि ॲल्युमिनियमचं सिलिंडर धरून बाईंचं योग्य वजन ४ किलो निघालं असतं. जादा ४ किलो तोलायला जॅकेटमध्ये, म्हणजे तरंगणं कमी-जास्त करायला अंगावर घालतात त्या हवेच्या जॅकेटमध्ये, ढोबळमानानं जादा ४ लिटर हवा भरावी लागते. १२ मीटरवर दाब २.२ बार असतो, ८ मीटरवर १.८ बार. म्हणजे बाई खडकावरून चार मीटर वर सरकल्या की तीच ४ लिटर हवा फुगून ४.९ लिटर होते आणि त्यांना जवळजवळ ९०० ग्रॅमचा वरचा ओढा बसतो. त्या वर खेचल्या जातात, घाबरून हवा सोडतात, मग दगडासारख्या खाली जातात, पुन्हा हवा भरतात. लिफ्टसारखं खालीवर चालू राहतं. कमरेला शिसं आणि छातीपाठीला हवा, त्यामुळे अंग आडवं न राहता उभं होतं. पाय खाली लोंबतात, फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) वाळू उडवतात. मागून येणाऱ्याची व्हिजिबिलिटी १५ मीटरवरून दोनवर येते ती अशी. म्हणजे 'पाणी गढूळ होतं' हा शेरा अगदीच खोटा नव्हता. गढूळपणा बोटीवरूनच नेला होता, इतकंच.

तपासणी दोन मिनिटांची आहे. पूर्ण साहित्य घालून, रेग्युलेटर तोंडात ठेवून, बुडत्या खोलीच्या पाण्यात उभं राहायचं, पाय हलवायचे नाहीत. जॅकेट पूर्ण रिकामं करायचं आणि नेहमीइतका श्वास भरून धरायचा. पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीला यायला हवी. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. ही मोजणी जवळजवळ रिकाम्या सिलिंडरवर खरी. भरलेल्यावर केली तर वर २ किलो धरायचे, कारण हवेलाही वजन असतं: लिटरला साधारण १.२ ग्रॅम. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारवरून ५० बारवर येईपर्यंत १६५० लिटर, म्हणजे जवळपास २ किलो हवा खर्च होते. हे न धरता वजन अगदी काटेकोर लावलं तर वर येण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर ५ मीटरला माणूस बुचासारखा वर जातो. जास्त शिशाची सवय केंद्रांना लागते ती अशा एखाद्या फजितीनंतर.

नवख्याचा न बुडण्याचा त्रास बहुतेक वेळा वजनाचा नसतोच. छाती भरलेली असते, हात-पाय सायकल मारत असतात, जॅकेटची नळी डोक्यावर उचललेली नसते, अजून न भिजलेल्या सूटात हवा अडकलेली असते. आधी हे बघायचं. पूर्ण श्वास सोडायला सांगायचं आणि मगच शिशाला हात घालायचा, तोही एक-एक किलोनं.

हवेचा हिशोब

सगळ्यात महाग चूक इथं झाली, आणि ती कागदावर पाच मिनिटांत टळली असती.

११ लिटरचं सिलिंडर, २०० बार. ५० बार राखून १५० बार वापरायचे, म्हणजे पृष्ठभागाच्या दाबानं १६५० लिटर हवा. निवांत, अनुभवी माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटरच्या आसपास घेतो. नवखा, थोडा घाबरलेला, जरा जास्त शिसं लावलेला माणूस सहज २५ घेतो. १२ मीटरच्या सरासरी खोलीवर हे आकडे २.२ नं गुणायचे, कारण तिथला दाब पृष्ठभागाच्या २.२ पट असतो. कॅमेरेवाला मिनिटाला ३३ लिटर, त्याला ५० मिनिटं मिळतात. तरुण मिनिटाला ५५ लिटर, त्याला ३० मिनिटं. दोघांना एका दोरीत बांधलं की वीस मिनिटं कॅमेरेवाल्याच्या खिशातून जातात. तरुणालाही यात समाधान नाही. आपल्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं, हे त्याला कळलेलं असतं. पुढच्या वेळी तो हवा वाचवायला श्वास रोखून धरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं, आणि श्वास धरून वर सरकणं तर जिवावर बेतू शकतं.

आता कान अडलेल्या मुलीची वाट बघण्याचा खर्च. बाकीचे १२ मीटरवर चार मिनिटं थांबले. तरुणांसाठी ते २२० लिटर, म्हणजे २० बार. काही न बघता, वाळूकडे नजर लावून, २० बार. तीच वाट ५ मीटरवर बघितली असती तर १५० लिटर लागले असते. गाइडनं उतरण्याच्या दोरीवर ५ मीटरला सगळ्यांना थांबवायला हवं होतं. तिथं प्रत्येकाला ओके विचारायचं, मास्क पुसायचे, आणि मग पुढे.

उपाय गटवारीचा. ज्यांची हवा लवकर संपते त्यांना उथळ ठेवायचं. तरुणांना ८ मीटरवर ठेवलं तर दाब १.८ बार, २५ लिटरच्या श्वासालाही ३६ मिनिटं मिळतात. त्यांचं वजन बरोबर लावलं, पोहण्याचा वेग निम्मा केला आणि श्वास २० लिटरवर आला तर ४५ मिनिटं. कॅमेरेवाले तिकडे १२ मीटरवर ५० मिनिटं घालवून येतात. ही ५० मिनिटं त्या खोलीच्या नो-डेको मर्यादेच्या (वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागत नाहीत तोवरच्या वेळेच्या) कितीतरी अलीकडे आहेत. म्हणजे दोन्ही गट पाच मिनिटांच्या फरकानं वर येतात, बोटीचा वेळ वाढत नाही आणि कुणाला कुणासाठी वर यावं लागत नाही. शिवाय ८ मीटरवर उजेड जास्त, रंग जास्त. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच फिका पडत जातो. खोलवर जे निळं-करडं दिसतं तेच उथळात पिवळं आणि गुलाबी दिसतं. नवख्याला 'तुम्हाला कमी खोलीवर नेतोय' असं सांगायचं नाही. 'जास्त उजेडात आणि जास्त वेळ नेतोय' असं सांगायचं. दोन्ही खरंच आहे, दुसरं ऐकायला बरं वाटतं.

यात खरा वाढीव खर्च एकच: दुसरा पूर्ण पात्र गाइड. शिकाऊ मदतनिसाकडे गट सोपवून तो वाचवता येणार नाही. ज्या दिवशी दुसरा गाइड मिळत नाही त्या दिवशी बोटीवर एकाच पातळीचे ग्राहक घ्यायचे, किंवा चारच घ्यायचे.

कान

पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. त्यापुढे पुन्हा दुप्पट व्हायला ३० मीटर गाठावे लागतात. म्हणून कानांची सगळी लढाई वरच्या काही मीटरांत असते आणि तिथंच गाइड घाईत असतो. मध्यकर्णाला घशाशी जोडणारी नळी वेळेवर उघडली नाही तर वाढत्या दाबानं तिचं तोंड मिटतं. मग नाक दाबून कितीही जोर लावला तरी ती उघडत नाही, उलट इजा होते. त्यामुळे 'दुखलं की कान उघडा' ही सूचनाच चुकीची. दुखण्याआधी उघडायचे: एकदा बोटीवर, एकदा पाण्यावर, मग अर्ध्या-एका मीटरला एकदा. पाय खाली, डोकं वर, हातात दोरी. अडलं तर मीटरभर वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. गिळण्याची क्रिया आणि मान विरुद्ध बाजूला कलवणं यानंही नळी सैल होते.

हळू कानांच्या माणसाला सगळ्यात आधी पाण्यात सोडावं, सगळ्यात शेवटी नव्हे. बाकीचे पाण्यात येईपर्यंत तो दोरीवर निम्मं अंतर उतरलेला असतो आणि कुणी वाट बघतंय हे दडपण त्याच्या डोक्यावर नसतं. दडपणानं जबडा आणि घसा आवळतो, मग कान आणखीच मिटतात. सर्दी असेल तर उतरू नये. सर्दीची गोळी घेऊन उतरलं आणि तिचा असर खालीच संपला तर वर येताना हवा अडकते, आणि ते दुखणं जास्त वाईट.

मास्क आणि इतर बारकावे

एका तरुणाचा मास्क कोरा करकरीत होता. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो निघेपर्यंत कितीही थुंकी चोळली तरी धुकं येतंच. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं आतून दोन-तीनदा घासावं लागतं. ग्राहक मास्क घेऊन येणार हे आदल्या दिवशी कळलं तर तसा निरोप देता येतो. गळणाऱ्या मास्कचा पट्टा सगळे जण आवळतात. बहुधा तो सैल करायचा असतो. आवळल्यानं सिलिकॉनची कड दुमडते. पट्ट्याआधी कडेखाली अडकलेले केस बघावेत. मिशीवाल्याला नाकाखाली थोडं पाणी येणारच, ते काढायचं कसं याची उथळात एकदा उजळणी पुरते.

फिन्स घट्ट असतील तर वीस मिनिटांत पायात गोळा येतो. रेग्युलेटरच्या तोंडातल्या रबराचे दात झिजलेले असतील तर जबडा दुखतो; ते बदलायला एक रबर आणि एक प्लॅस्टिकची पट्टी लागते, पण भाड्याच्या साहित्यात ते तुटेपर्यंत कुणी बदलत नाही. योक झडपेची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) फुसफुसली तर काही सेकंदांत बदलता येते, मात्र सुटी ओ-रिंग बोटीवर हवी. आणि कॅमेऱ्यांसाठी ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या बादलीत कुणी मास्क बुचकळू नये. मास्कमधला साबण आणि वाळू कॅमेऱ्याच्या खोक्याच्या रबरात गेली की काय होतं हे कॅमेरेवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्या बादलीवरून ते केंद्राची पारख करतात.

आधी काय सांगितलं होतं

समाधान हे अनुभवातून नव्हे, अनुभव आणि अपेक्षा यांच्या फरकातून येतं, ही मांडणी मार्केटिंगचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये केली. डाइव्हिंगमध्ये ती रोखठोक लागू पडते, कारण इथला माल केंद्राच्या ताब्यात नाही. त्या सकाळी गाइड म्हणाला होता, 'आज कासवं नक्की, नशीब असेल तर शार्कही.' कासव एकच दिसलं, शार्क नाही. ब्रीफिंगच्या त्या एका वाक्यानं कासवाची किंमत कमी केली.

याचा अर्थ हात राखून बोलायचं असा नाही. 'काय दिसेल सांगता येत नाही' हे ब्रीफिंग प्रामाणिक असलं तरी निकामी. काय दिसेल याऐवजी कुठं बघायचं ते सांगावं: अमुक खडकाच्या सावलीच्या बाजूला, वाळू आणि खडक मिळतात त्या रेषेवर, समुद्रफुलाच्या बुडाशी. मग ग्राहक शोधायला जातो, आणि स्वतः शोधलेला बोटभर गोगलगायीसारखा जीव गाइडनं दाखवलेल्या मोठ्या माशापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो. पाण्याखाली वस्तू एक-तृतीयांश मोठ्या दिसतात, हेही सांगून ठेवावं. वर आल्यावरच्या गप्पांना रंग येतो.

बाकी ब्रीफिंग आठ मिनिटांचं, पाटीवर काढलेल्या नकाशासह: उतरायचं कसं, कमाल खोली, किती मिनिटं, १०० बारला खूण, ७० ला परत, बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधून वर. शेवटी ५ मीटरला तीन मिनिटांचा थांबा आणि बोटीवर चढण्याचा क्रम. हे सगळं साहित्य अंगावर चढवण्याआधी सांगायचं. पाठीवर सिलिंडर घेऊन उन्हात घामाघूम बसलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही.

पाण्यातल्या वेगाबद्दल एक गोष्ट. त्या गाइडला जागा पाठ होती, म्हणून तो भराभर पुढे जात होता आणि मागे सात जणांचं शेपूट धापा टाकत होतं. गाइडनं कॅमेरेवाल्यांच्या वेगानं जावं. एका खडकाभोवती दहा मिनिटं काढली तरी चालतं. सोबत छोटा टॉर्च असावा. १२ मीटरवर करड्या दिसणाऱ्या स्पंजवर पांढरा उजेड टाकला की तो लालभडक होतो. अख्ख्या साहित्यात इतक्या कमी कष्टात इतका आनंद देणारी दुसरी वस्तू नाही.

शिडीपासून धक्क्यापर्यंत

१९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी १४ अंशांच्या पाण्यात हात ६० सेकंद ठेवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी एका अंशानं कोमट होत गेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा पर्याय निवडला. एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा. डाइव्हच्या दिवसाला हे जसंच्या तसं लावणं बरं नव्हे, तरी शेवटचा तास आठवणीवर आपला रंग चढवतो हे बोटीवरच्या कुणालाही पटेल. आणि नेमका तोच तास केंद्रं मोकाट सोडतात, कारण गाइडच्या लेखी काम संपलेलं असतं.

शिडीपाशी रांग ही पहिली चूक. बोटीच्या मागे २० ते ३० मीटर दोरी सोडावी, टोकाला तरंगता बोया. वर आलेल्यानं दोरी धरावी, जॅकेट फुगवलेलं, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात. एका वेळी एकच माणूस शिडीवर आणि शिडीखाली कुणी नाही. फिन्स बोटीवरच्या माणसानं घ्याव्यात. ज्याची पाठ दुखते त्याचं सिलिंडर पाण्यातच उतरवून घ्यावं. मळमळणाऱ्याला सगळ्यात आधी वर घ्यावं आणि बोटीच्या मध्यभागी, धुरापासून दूर, क्षितिज दिसेल असं बसवावं.

मग थंडी. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढतं, त्यामुळे २६ अंशांतही तासाभरात माणूस गारठतो, आणि वर आल्यावर ओला सूट वाऱ्यात आणखी गार होतो. सूट कमरेपर्यंत उतरवून वरून वारा अडवणारं जॅकेट, डोक्याला टोपी आणि कोरडा टॉवेल द्यावा. दुसऱ्या डाइव्हआधी गळ्यापाशी सूटात तांब्याभर कोमट पाणी ओतलं की न उतरणारे तिघं उतरतात. मधला तास उघड्यावर डुलत न काढता बोट आडोशाला न्यावी, भले दहा मिनिटं जास्त लागोत.

तोच दिवस, नव्यानं

तीन दिवस आधी प्रत्येकाला निरोप जातो: वैद्यकीय प्रश्नावली, शेवटची डाइव्ह कधी, उंची-वजन, पायाचं माप, स्वतःचं साहित्य कोणतं, कॅमेरा आहे का, परतीचं विमान कधी. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास विमान टाळायचं असतं. संध्याकाळचं विमान असलेला ग्राहक दोन्ही डाइव्ह बोटीवर बसून काढतो आणि दोष केंद्राला देतो.

आठव्या गृहस्थाचं 'हो' तीन दिवस आधी कळतं. सही आणायला वेळ मिळतो, किंवा तारीख बदलते, किंवा पैसे परत जातात. नकार तोच राहतो, फक्त चारचौघांत मिळत नाही. इथं एक सांगायला हवं: ग्राहक खूश राहावा म्हणून नियम वाकवणारी केंद्रं असतात आणि त्या दिवसापुरतं ते खपतंही. पण कॅमेरेवाल्यांसारखा जाणता ग्राहक अशा वेळी मनात नोंद करतो आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातो.

डिन रेग्युलेटर कळला की ॲडॉप्टर पेटीत पडतो. तीन वर्षांच्या खंडाचं कळलं की बाईंना आदल्या दिवशी ३ मीटर पाण्यात उजळणी मिळते: मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर सुटल्यावर परत घेणं, अधांतरी राहणं, आणि शिशाची मोजणी. पट्ट्यावर ४ किलो लिहिलेली चिठ्ठी लागते.

जोडप्याला एकाच गटात ठेवायचं का, हे दोघांना वेगवेगळं विचारावं. नवरा पाण्याखाली शिक्षक झाला की दोघांचीही डाइव्ह जाते. तो गेज तपासत राहतो, ती त्याच्याकडे बघत राहते, मासा कुणीच बघत नाही. बाई म्हणाल्या की वेगळं चालेल, तर नवरा कॅमेरेवाल्यांबरोबर १२ मीटरला. बाई, दोघं तरुण आणि मुलगी दुसऱ्या गाइडबरोबर ८ मीटरला, मुलगी दोरीवर सगळ्यात पुढे. पाच मिनिटांच्या फरकानं सगळे शिडीपाशी.

परतताना लॉगबुक, म्हणजे प्रत्येकाची डाइव्हची नोंदवही, उघडायची. दिसलेल्या जिवांची नावं गाइडनं सांगायची, खोली आणि वेळ लिहून सही-शिक्का. नाव कळलेला मासा घरी जाऊन सांगता येतो; 'एक निळा मासा' सांगता येत नाही.

आणि 'कसं वाटलं?' विचारायचं नाही. त्याला उत्तर 'छान' हेच येतं, कारण समोरचा माणूस दिवसभर कष्ट करून ओला उभा असतो. विचारायचं ते असं: 'पाण्यात असताना जास्त लक्ष कशात गुंतलं होतं?' बाईंचं उत्तर 'कमरेचा पट्टा' आलं तर शिसं पुन्हा मोजायचं. 'काटा बघत होते' आलं तर पुढची डाइव्ह आणखी दोन मीटर उथळ. 'थंडी' आलं तर जाड सूट. आणि त्या फटीतल्या ऑक्टोपसनं रंग कसा बदलला हे बाई हातवारे करून सांगू लागल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांना नवऱ्याच्या गटात १२ मीटरला न्यायला हरकत नाही.